कित्मीरची तालीम

आमच्या बी.एड.च्या वर्षी शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात पाव्हलॉव्हच्या कुत्र्यावर प्रश्न हमखास येत असे. घंटा, अन्न, लाळ. आम्ही तो मोठ्या आत्मविश्वासाने सोडवला होता आणि गुणही चांगले मिळाले होते. कुत्र्याशी आमचा संबंध तेवढाच. (आम्ही म्हणजे हे लिहिणारा एकटा. वर्गात दिवसभर 'हम' म्हणायची सवय आहे, ती मराठीतही सुटत नाही.) त्या एका प्रश्नाच्या भांडवलावर २०२३ च्या डिसेंबरात आम्ही दोन महिन्यांचे पिल्लू घरी आणले आणि त्याला माणसावर सोडता येईल असा राखणदार करायचे ठरवले.

निमित्त झाले आमचे मोठे साडू. ते कुवेतला असतात. गागोदे बुद्रुकच्या कडेला त्यांनी वाडी घेतली, त्यात घर बांधले, आणि सांभाळायला आम्हाला ठेवले. शाळा तालुक्याच्या गावी, मुक्काम इथे. त्या महिन्यात विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती. साडूंचा फोन आला, "कुत्रा ठेवा. पण साधा नको. मी व्हिडिओ पाठवलाय, तसला." व्हिडिओत एक पिवळसर अंगाचा, काळ्या तोंडाचा कुत्रा उंच भिंत चढून पलीकडच्या माणसाच्या हाताला लोंबकळत होता. जात बेल्जियन मॅलिनॉइज. आम्ही म्हटले, हे आमच्याने होईल का? साडू हसले. "चाळीस पोरं शिकवता, एक कुत्रा शिकवणं जड आहे का?" शिक्षकाला फुगवायला एवढे पुरते.

अब्बांचा विरोध होता. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत ही हदीस त्यांनी फोनवर दोनदा ऐकवली. आम्ही मौलानांकडे गेलो. ते म्हणाले, राखण, शिकार आणि गुरे-शेती यांसाठी सवलत हदीसमध्येच आहे. नुसत्या हौसेने ठेवला तर मात्र रोज नेकीतून एक किरात वजा होतो, काही रिवायतींत दोन. मग त्यांनी आमच्याकडे जरा रोखून पाहिले आणि म्हणाले, "हौस कुठे संपते आणि राखण कुठे सुरू होते, ते तुमचं तुम्ही बघा." हे वाक्य आम्ही त्या वेळी कानाआड केले.

कोकणातले आपण बहुतेक शाफई. कुत्र्याच्या बाबतीत आपला मजहब कडक आहे. इमाम मालिकांच्या मते कुत्रा पाक, त्यामुळे मोरोक्कोतल्या माणसाला ही यातायात नाही. आपल्याकडे त्याने भांड्याला तोंड लावले की सात वेळा धुवायचे, त्यातले एकदा मातीने. बेगमने अंगणातल्या नळाशी लाल मातीचा डबाच ठेवला. आमचा एक सदरा आणि एक लुंगी कुत्र्याच्या नावे झाली. तो ओसरीवर, आम्ही आत, मध्ये उंबरा. उंबऱ्यावरूनच त्याचे नाव ठरले. सूरह कहफमधल्या गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसलेल्या कुत्र्याला तफ्सीरांमध्ये कित्मीर म्हटले आहे. आमच्या मुलीने हे नाव मदरशात ऐकले होते, तिनेच ठेवले. अब्बा त्या नावावर थोडे विरघळले.

या जातीबद्दल आम्ही नंतर बरेच वाचले. आधी वाचायला हवे होते. बेल्जियममधल्या मालीन या गावावरून नाव पडले, मूळ काम मेंढ्या राखणे. शिकारी जनावराच्या शिकारीला टप्पे असतात. टक लावणे, दबा धरणे, पाठलाग, पकड, मारणे. मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून शेवटचा टप्पा बोथट केला आणि आधीचे राखले. मॅलिनॉइजमध्ये पुढे पोलीस-लष्कराच्या कामासाठी पकडीलाही धार लावली गेली. कुत्रेवाले लोक याला 'ड्राइव्ह' म्हणतात. आपण ओढ म्हणू. पळणाऱ्या वस्तूमागे जाण्याची ही ओढ शिकवावी लागत नाही. शिकवावे लागते ते थांबणे. म्हणून हा कुत्रा आपल्याकडे सीआरपीएफ, आयटीबीपी वापरतात. सीआरपीएफने तर बंगळूरुजवळ तरळू येथे २०११ मध्ये या कामाची शाळाच काढली. तिथे रोज तासन्‌तास त्यालाच वाहिलेला माणूस असतो. आमच्याकडे सकाळी साडेसहाला मोटारसायकलला किक मारणारा मास्तर होता.

पाच महिन्यांचा असताना कित्मीर अंगणात पळणाऱ्या मुलीच्या टाचा धरू लागला. रागाने नव्हे, मेंढीला वळवतात तसे. आम्ही ओरडलो तर त्याला तो खेळ वाटे. दिवसभर बांधून ठेवला की संध्याकाळी दोरी कुरतडे, चपला फाडी, स्वतःच्या शेपटीमागे गोल गोल फिरे. कुत्र्याचे पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याला जन्मभर ओळखीचे वाटते. त्या काळात त्याला माणसे दाखवायची, गुरे दाखवायची, मोळीवाली, टोपीवाला, छत्रीवाला, रांगते मूल, सगळे. आम्ही काय केले? "राखणदार आहे, सगळ्यांशी लाडात येता कामा नये," म्हणून त्याला कुंपणाच्या आत ठेवले. त्याने पाहिलेले जग म्हणजे आम्ही तिघे, दूधवाला आणि साडूंची गाडी धुणारा पोऱ्या.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारचे पत्र निघाले. तेवीस जातींचे कुत्रे धोकादायक म्हणून त्यांची आयात, पैदास, विक्री बंद करावी असे त्यात होते. साडूंचा लगेच फोन. "आपला त्या यादीत नाही!" जणू प्रमाणपत्रच मिळाले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरवले. आम्हाला आता वाटते, जातींची यादी करून काही होत नाही. दोरीचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे, हे कुठल्याच यादीत येत नाही.

कित्मीर वर्षाचा झाला तेव्हा साडूंनी शहरातला एक शिकवणारा ठरवला. दर रविवारी तो आणि त्याचा एक मदतनीस येत. बसणे, थांबणे, बोलावल्यावर येणे हे कुत्र्याला येते का, असे त्याने विचारलेच नाही. थोडेफार येते, तुकडा दाखवला तर, असे आम्हीच सांगितले. "होईल," तो म्हणाला, "आधी आग पेटवू." मदतनिसाच्या हातात तागाची जाड बाही. आम्ही दोरी ताणून धरायची, कारण मागून ओढले की कुत्र्याची पुढे जाण्याची ओढ वाढते. मदतनीस काठी आपटत, तिरका तिरका येणार, कुत्रा भुंकला की घाबरून मागे पळणार. मग एकदा बाही तोंडात देणार आणि काढून टाकणार. कुत्र्याला वाटते, मी जिंकलो. चार रविवारांत कित्मीर बाहीला असा लटकू लागला की आम्ही व्हिडिओ काढून कुवेतला पाठवला. 'छोड' शिकवायचे कधी, आम्ही विचारले. "ते शेवटी. आत्ता सोडायला लावलं तर पकड ढिली पडते."

त्या मदतनिसाचा वेश इथे सांगितला पाहिजे. चोर वाटावा म्हणून तो फाटका सदरा घाली, डोक्याला फडके गुंडाळी, खांद्यावर गोणपाट, पाय अनवाणी. आम्हाला त्यात काही खटकले नाही. चोर असाच दिसतो ना?

आमच्या कुंपणाला लागून पायवाट आहे. वरच्या कातकरी वाडीतली माणसे याच वाटेने खाली येतात, कामाला, दुकानाला. बायकांच्या डोक्यावर मोळी, पुरुषांच्या खांद्यावर गोणपाट, पोरे अनवाणी. डिसेंबरपासून कित्मीर त्यांच्यावर फुटेस्तोवर भुंकू लागला. आम्ही दोरी आवळून धरायचो आणि मनात म्हणायचो, वा, काम करतोय. त्याच सुमारास पांढऱ्या गाडीतून एक जमिनीचा दलाल आला. इस्त्रीचे कपडे, अत्तर. कित्मीरने त्याचे बूट हुंगले आणि शेपटी हलवली. हे गाव विनोबांचे. ११ सप्टेंबर १८९५ ला ते इथे जन्मले. ज्यांनी अरबी शिकून कुराणातले वेचे निवडले ते हे विनोबा, आपल्या वाचकांना माहीत आहेत. कमरेला आखूड पंचा, अंगावर उपरणे, जमीन मागत गावोगाव चालणारा हा माणूस आमच्या फाटकाशी आला असता, तर आमचा कुत्रा त्याच्यावर सगळ्यांत जास्त भुंकला असता.

मोळी घेऊन जाणारी एक बाई एकदा फाटकापाशी थांबली. म्हणाली, "मास्तर, तुमचा कुत्रा आमच्याच मानसांना बरा वळखतो." आम्ही हसून नेले. अब्बांना दाढी-टोपीमुळे प्रवासात रांगेतून बाजूला काढून पिशवी उघडायला लावतात, बाकीचे चालते होतात, तेव्हा घरी येऊन आम्ही किती बोलतो! त्या बाईच्या वाक्यात तेच होते, आणि आम्हाला ते ऐकू आले नाही.

जून २०२५. पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी पोरे खेकडे धरायला ओढ्यावर उतरतात. कडी नीट लागली नव्हती. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन वाटेने पळत आला. कित्मीरने चार ढांगांत त्याला गाठले आणि उजवा हात कोपराखाली धरला. आम्ही धावलो. 'छोड! छोड!' हा शब्द त्याने आमच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. आम्ही पट्टा धरून मागे ओढले. रविवारी आम्ही दोरी मागे ओढायचो तेव्हा काय करायचे हे त्याला पक्के माहीत होते. त्याने पकड घट्ट केली. जखम फाटली ती आमच्या ओढण्याने.

मुलगा ओरडला नाही. तो उभा राहिला, अगदी निश्चल, हात न ओढता. डोळ्यांत पाणी, ओठ मिटलेले. पाच-सहा क्षण गेले असतील. धडपड थांबली तशी कित्मीरची पकड जरा सैल झाली, बेगमने पट्टा वर उचलून धरला आणि हात सुटला. त्या अंगणात कुत्र्याचे शास्त्र ज्याला समजत होते तो त्या मुलाशिवाय कोणी नव्हता.

नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली. बेगमने तसा हट्टच धरला, आम्हाला तर घाईने निघायचे होते. कुत्रा लस दिलेला असला तरी हे करायचेच असते. मग मुलाला मध्ये आणि त्याच्या आईला मागे बसवून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. जखमेत सीरम, दंडात पहिली सुई, पुढे तिसरा, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा दिवस.

त्या रात्री आम्ही झोपलो नाही. मुलाच्या हाताची काळजी होतीच, पण खोटे कशाला बोलू, दुसरीही होती. मुसलमानाच्या घरातल्या कुत्र्याने आदिवासी मुलाला फाडले, हे वाक्य मोबाइलवरून कुठवर जाईल आणि जाता जाता त्याला काय काय चिकटेल? कायदाही होता. जनावराच्या बाबतीत हयगय केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सकाळी गावातली चार वडीलधारी माणसे आणि वाडीतले दोघे ओसरीवर येऊन बसले. आम्ही आमची चूक सांगितली, काही न झाकता. पैसे पुढे केले. मुलाच्या आईने बुडालेल्या मजुरीपुरते उचलले, बाकी परत सरकवले. "सुयांना तुम्ही न्या," ती म्हणाली, "मला रोज रोज जमत नाही." मग उठता उठता तिने विचारले, "मास्तर, तुम्ही त्याला शिकवलं काय?"

चार वेळा तो मुलगा आमच्या मोटारसायकलवर बसून आला. दुसऱ्या खेपेपासून बोलू लागला. त्याच्याकडेही कुत्रा आहे, गावठी, लाल. कधी बांधलेला नाही. ओढ्यावर बरोबर येतो, जा म्हटले की जातो, शीळ घातली की अर्ध्यातून फिरतो, मासळी समोर असली तरी तोंड घालत नाही. "कसं शिकवलंस?" आम्ही विचारले. त्याला प्रश्नच कळला नाही. "माझ्याबरबरच असतो ना तो."

त्या दिवसांत आम्ही सूरह माइदाची चौथी आयत पुन्हा उघडली. शिकारी जनावरांना तालीम देण्याचा त्यात उल्लेख आहे. शिकवण्यासाठी तिथे जे क्रियापद आहे, त्याच मुळापासून आपला मुअल्लिम हा शब्द आला. म्हणजे कुत्र्याला शिकवणारा आणि आम्ही, एकाच धातूचे. आणि त्यांना शिकवायचे ते अल्लाहने तुम्हाला शिकवलेल्यातून, असा तिथे रोख आहे. आधी आपल्याजवळ काही असले पाहिजे. शाफई फिक्हमध्ये शिकवलेला कुत्रा कोणता, याच्या खुणा दिल्या आहेत. सोडला की जावा, थांबवला की थांबावा, पकडलेले स्वतः खाऊ नये, आणि हे एकदा नव्हे, वारंवार दिसावे. खाल्ले तर ती शिकार हलाल नाही, कारण त्याने ती मालकासाठी नव्हे, स्वतःसाठी पकडली. अदी बिन हातिम यांच्या रिवायतीत हे स्पष्ट आहे. आम्ही पुस्तक मिटले. या खुणांवर वाडीतला लाल गावठी कुत्रा मुअल्लम ठरत होता. आमचा कित्मीर, एवढे पैसे आणि एवढे रविवार घालून, पहिल्या खुणेपाशीच अडकला होता.

साडू म्हणाले, देऊन टाका, शिकवणारा घ्यायला तयार आहे, कोणा फार्महाऊसवाल्याला विकेल. म्हणजे आम्ही पेटवलेली आग दुसऱ्याच्या कुंपणात, आणि त्या कुंपणाबाहेरूनही कोणाची तरी पोरे जात असणार. बेगम नाही म्हणाली. अब्बा नाही म्हणाले, याचे आम्हाला नवल वाटले. "मुकं जनावर आहे. बिघडवलंत तुम्ही. तुम्हीच निस्तरा."

शोधता शोधता पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले एक गृहस्थ भेटले. ते आले, खुर्ची टाकून अर्धा तास नुसते पाहत बसले. वाटेने एक मोळीवाली गेली. कित्मीर उसळला. ते कित्मीरकडे पाहतच नव्हते. "मास्तर, तुमचा हात बघा," ते म्हणाले. आमची मूठ दोरीवर आवळली होती, बाई दिसताच, कुत्रा भुंकायच्या आधी. "तो तिच्यावर भुंकत नाही, तुमच्या मुठीवर भुंकतो."

त्यांनी बरेच सांगितले. पोलिसांत पिल्लू निवडतात तसाच माणूसही निवडतात, दोघे मिळून पुण्याला शिवाजीनगरच्या केंद्रात महिनोन्‌महिने शिकतात, जोडी पुढे सहसा मोडत नाहीत. चावण्याचे काम थोड्याच कुत्र्यांना देतात आणि तेही आज्ञापालन पक्के झाल्यावर. भिऊन चावणारा कुत्रा तर नकोच. १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबईत तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधणारा झंजीर आठवतो ना? लॅब्रॅडॉर होता, २००० साली वारला तेव्हा त्याला पोलिसी मानवंदना मिळाली. त्याचे काम चावण्याचे नव्हते, हुंगण्याचे. आम्ही विचारले, मग आमच्यासारख्या नवख्याने असा कुत्रा शिकवावा की नाही? ते म्हणाले, "पाळा की. बसवा, चालवा, शोधायला लावा. पण चावायला शिकवायला येऊ नका. 'थांब' म्हटल्यावर थांबणारा कुत्रा तयार करायला मला दहा वर्षं लागली. तुम्ही रविवारी शिकत होता."

हे आम्हाला आता पटलेले आहे आणि आमच्या बिरादरीत आखाताच्या पैशावर मॅलिनॉइज, रॉटवायलर घेऊ पाहणाऱ्या तरुणांना आम्ही ते स्पष्ट सांगतो. राखणीला भुंकणे पुरते. आमच्या गावात चोर कुत्रा किती चावतो हे मोजत बसत नाही, घरात कोणी जागे आहे का एवढेच बघतो. उरलेल्या कामाला भक्कम कडी, दिवा आणि शेजारी. बाहीवरची पकड पाहून जी छाती फुगते ती हौस आहे, राखण नव्हे. मौलानांनी दाखवलेली रेघ आम्हाला इतक्या उशिरा दिसली.

बाही आम्ही जाळली. आता रोज फज्रनंतर अर्धा तास आणि शाळेतून आल्यावर तास, कित्मीर आणि आम्ही. बस. थांब. ये. दे. 'दे' म्हटल्यावर चेंडू सोडला की चेंडू परत मिळतो, हे त्याला कळायला सात आठवडे लागले, आणि सोडलेले परत मिळते हे एकदा कळल्यावर सोडणे सोपे झाले. आमच्या किल्ल्या, मुलीची पेन्सिल, तागाच्या ढिगात लपवलेला सुका बोंबील, तो शोधतो आणि समोर बसून राहतो. फाटकाबाहेर मुसके घातल्याशिवाय नेत नाही, आणि बहुधा कधीच नेणार नाही. दोरी सैल ठेवण्याची तालीम आमचीही चालू आहे. ती जास्त अवघड जाते. पायवाटेवर कोणी दिसले की अजून मूठ आपोआप मिटू लागते.

मुलाच्या हातावर चंद्रकोरीसारखा वण राहिला आहे. तो आता ओढ्यावर जाताना लाल कुत्र्याला घेऊन पलीकडच्या बांधावरून जातो. आम्ही हाक मारतो, तो हात हलवतो, अलीकडे येत नाही.

गेल्या आठवड्यात, मगरिबच्या जरा आधी, त्याची आई मोळी घेऊन वाटेने आली आणि फाटकापासून वीसेक हातांवर थांबली. आम्ही ओसरीवर होतो, दोरी गुडघ्यावर सैल. कित्मीरने कान टवकारले, घशात थोडी गुरगुर आली, त्याने वळून आमच्या हाताकडे पाहिले. हात तसाच राहिला. मग तो उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून खाली बसला.

"आज गप हाय," ती म्हणाली.

"आज आहे," आम्ही म्हणालो.

तिने मोळी सावरली आणि वाटेच्या पलीकडच्या कडेने, कुंपणापासून अंतर ठेवून, खाली निघून गेली.